एका गीताचे अनेक पाठ : ध्वनिमुद्रणाची माध्यमे, पुनःप्रकाशने आणि लोकप्रिय संगीताचा आस्वाद

1

साहित्यकृतीविषयी लिहिणारा अभ्यासक आपण कोणत्या आवृत्तीचा आधार घेतला आहे, हे आरंभीच नमूद करतो. ज्ञानेश्वरीसारख्या ग्रंथाच्या बाबतीत प्रत कोणती, पाठ कोणता, हा प्रश्न ओलांडून पुढे जाताच येत नाही. ध्वनिमुद्रित गीताविषयी लिहिताना मात्र ही दक्षता क्वचितच घेतली जाते. गीताचे नाव, गायकाचे नाव आणि वर्ष सांगितले की ओळख पुरी झाली, असे समजले जाते. हस्तलिखित बदलते, छापील पुस्तकात मुद्रणदोष शिरतात. ध्वनिमुद्रिका मात्र एकदा घडली की तशीच राहते, ही समजूत या उपेक्षेच्या मुळाशी आहे.

एका उदाहरणाने ही समजूत तपासता येईल. 1967 साली बीटल्स या इंग्रज गायकवृंदाची ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ ही दीर्घ ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तिच्यात ‘शीज लीव्हिंग होम’ नावाचे एक गीत आहे. घर सोडून निघालेली मुलगी आणि मागे राहिलेले आईवडील हा त्याचा विषय. त्याच वर्षी ही ध्वनिमुद्रिका मोनो आणि स्टिरिओ अशा दोन रूपांत विक्रीस आली. मोनो रूपात हे गीत स्टिरिओ रूपापेक्षा सुमारे अर्ध्या स्वराने चढे आहे, लय अधिक जलद आहे आणि गीत काही सेकंद आधी संपते. ध्वनिफीत वेगळ्या गतीने फिरवल्याचा हा परिणाम आहे. गायक तेच, वादक तेच, शब्दही तेच. परंतु मोनो रूपातील मुलगी घाईने दाराबाहेर पडते, तर स्टिरिओ रूपात तिच्या जाण्यावर एक जड, संथ छाया पसरते. एका टीकाकाराने या गीतातील करुणरसाची स्तुती करावी आणि दुसऱ्याने तीत भावविवशता पाहावी, तर त्यांचा मतभेद अभिरुचीचा की पाठभेदाचा, हे आधी ठरवावे लागेल.

लोकप्रिय संगीतातील ‘अभिजात’ मानल्या गेलेल्या कृती ज्या माध्यमांतून व पुनःप्रकाशनांतून श्रोत्यांपर्यंत पोहोचल्या, त्या माध्यमांनी त्यांचा आस्वाद कसा घडवला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. पाठचिकित्सेची परिभाषा येथे केवळ उपमा म्हणून योजलेली नाही. पाठचिकित्सेने ज्या प्रश्नांची उत्तरे शोधली, तेच प्रश्न आज ध्वनिमुद्रित गीतापुढे उभे आहेत, हे दाखवणे हा येथील उद्देश आहे. विवेचन प्रामुख्याने बीटल्स यांच्या ध्वनिमुद्रिकांपुरते मर्यादित ठेवले आहे. कारण त्यांचे पाठभेद विपुल आहेत आणि त्यांची नोंदही तपशीलवार झालेली आहे.

2

प्रथम गीताची ‘संहिता’ कोठे असते, हे पाहिले पाहिजे. पाश्चात्त्य अभिजात संगीतात ती स्वरलिपीत असते. हिंदुस्थानी संगीतात बंदिश ही बीजरूप असते आणि प्रत्येक मैफिलीत ती नव्याने वाढते. 1960 नंतरच्या लोकप्रिय संगीतात मात्र संहिता ध्वनिमुद्रणातच असते. बीटल्स यांची तिकीट लावून झालेली अखेरची मैफल 29 ऑगस्ट 1966 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाली. त्यानंतर त्यांनी जे रचले, ते रंगमंचासाठी नव्हते. ध्वनिफिती जोडून, उलट्या फिरवून, त्यांची गती बदलून जे सिद्ध झाले, तीच त्यांची रचना.

ही रचना अनेक अवस्थांतून जाते. आधी स्वतंत्र मार्गांवर आवाज आणि वाद्ये मुद्रित होतात. मग त्यांचे प्रमाण ठरवून मिश्रण केले जाते. मिश्रणावरून तबकडीची मूळ प्रत कोरली जाते. तीवरून साचे होतात आणि साच्यांवरून विक्रीच्या प्रती. मसुदा, शुद्धप्रत, जुळणी आणि छपाई यांच्याशी या अवस्थांचे साम्य उघड आहे. प्रत्येक अवस्थेत कोणीतरी निर्णय घेतो आणि प्रत्येक निर्णय पाठात उतरतो.

1963 साली लंडनच्या ॲबी रोडवरील ध्वनिमुद्रणगृहात बीटल्स यांच्या वाट्याला दोन मार्गांची ध्वनिफीत होती. एका मार्गावर गायकांचे आवाज आणि दुसऱ्यावर वाद्ये, अशी सर्वसाधारण विभागणी असे. निर्माता जॉर्ज मार्टिन यांचा हेतू हे दोन मार्ग योग्य प्रमाणात एकत्र करून उत्तम मोनो मिश्रण साधण्याचा होता. त्याच फितीवरून स्टिरिओ प्रत काढली, तेव्हा आवाज एका बाजूला आणि वाद्ये दुसऱ्या बाजूला गेली. मोठ्या खोलीतील दोन ध्वनिक्षेपकांवर हे विचित्र वाटले तरी सुसह्य होते. पुढे 1979 नंतर वॉकमनमुळे कानावर लावायची श्रवणयंत्रे सर्वत्र पसरली, तेव्हा गायक एका कानात आणि वादक दुसऱ्या कानात अशी फारकत झाली. पाठ बदलला नव्हता. वाचनाची रीत बदलली आणि तिने पाठातील सुप्त दोष उघड केला.

ब्रिटनमध्ये त्या दशकात तरुण श्रोत्यांकडे बहुधा मोनो यंत्रेच असत. म्हणून कलावंतांचे लक्षही मोनो मिश्रणावर असे. ‘सार्जंट पेपर’च्या मोनो मिश्रणाला बराच काळ दिला गेला आणि त्यात बीटल्स स्वतः सहभागी होते, स्टिरिओ मिश्रण नंतर थोड्या दिवसांत, त्यांच्या अनुपस्थितीत उरकले गेले. परंतु अल्पावधीतच स्टिरिओची सरशी झाली. 1969 मधील ‘ॲबी रोड’ ही ध्वनिमुद्रिका केवळ स्टिरिओ रूपातच निघाली आणि जुन्या मोनो प्रती हळूहळू बाजारातून नाहीशा झाल्या. परिणाम असा की, ज्या पाठावर रचनाकारांनी हात फिरवला, तो दुर्मिळ झाला आणि जो पाठ दुय्यम म्हणून तयार झाला, तोच पुढील पिढ्यांच्या लेखी ‘सार्जंट पेपर’ ठरला. प्रतिष्ठित पाठ आणि प्रचलित पाठ यांच्यातील हे अंतर साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाही.

3

पाठभेद केवळ ध्वनीत असतो असे नाही. तो क्रमात आणि निवडीतही असतो. दीर्घ ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर साधारणपणे वीस ते बावीस मिनिटांचे संगीत मावते. त्याहून अधिक भरले तर खाचा अरुंद होतात आणि आवाजाची पातळी उतरते. सुई तबकडीच्या मध्याकडे सरकते तसा तिथला ध्वनी अस्पष्ट होऊ लागतो. म्हणून बाजूचा शेवट बहुधा शांत गीताने करावा, असा संकेत रूढ झाला. पहिली बाजू संपली की उठून तबकडी उलटावी लागते. हा विराम नाटकाच्या दोन अंकांमधील पडद्यासारखा आहे आणि कुशल रचनाकार त्याचा उपयोग करून घेतो.

बीटल्स यांच्या ब्रिटिश ध्वनिमुद्रिकांत बहुधा 14 गीते असत. अमेरिकेतील कॅपिटॉल कंपनी त्यांतून 11 किंवा 12 गीते घेई, राहिलेली गीते सिंगल तबकड्यांवरील गीतांशी जोडी आणि त्यांतून आणखी एक ध्वनिमुद्रिका उभी करी. काही मोनो गीतांना कृत्रिम स्टिरिओ रूप दिले गेले, तर काहींवर जादा घुमारा चढवला गेला. एकाच नावाच्या दोन कृती महासागराच्या दोन तीरांवर नांदू लागल्या. ‘रिव्हॉल्व्हर’च्या 1966 मधील ब्रिटिश पाठात जॉन लेनन यांची पाच गीते आहेत. त्यांपैकी तीन आधीच दुसऱ्या अमेरिकी ध्वनिमुद्रिकेत खर्ची पडल्यामुळे अमेरिकी पाठात दोनच उरली, तर जॉर्ज हॅरिसन यांची तीन कायम राहिली. अमेरिकी श्रोत्याने या कृतीत लेनन मागे पडत आहेत असा निष्कर्ष काढला असता, तर तो त्याच्या हातातील पाठाशी प्रामाणिक, परंतु ब्रिटिश पाठाच्या दृष्टीने सर्वस्वी चुकीचा ठरला असता.

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला याहून महत्त्वाचे वाटावे असे उदाहरण ‘रबर सोल’चे आहे. डिसेंबर 1965 मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या या ध्वनिमुद्रिकेचा आरंभ ‘ड्राइव्ह माय कार’ या ठसकेबाज, विद्युत्‌गिटारींच्या गीताने होतो. अमेरिकी पाठातून ते आणि आणखी तीन गीते वगळली गेली, आणि ‘हेल्प’ या ब्रिटिश ध्वनिमुद्रिकेतील दोन हळुवार गीते तेथे आली. त्यांपैकी ‘आय हॅव्ह जस्ट सीन अ फेस’ हे साध्या गिटारींचे गीत आरंभी ठेवले गेले. त्यामुळे लोकसंगीताच्या वळणाची, एकाच मनोवृत्तीत गुंफलेली कृती असा ठसा तेथे उमटला. कॅलिफोर्नियातील बीच बॉइज या गायकवृंदाचे ब्रायन विल्सन यांनी हा अमेरिकी पाठ ऐकला. सर्व गीते परस्परांशी नाते सांगणारी आहेत, या जाणिवेने ते भारावले आणि तशीच सलग कृती घडवण्याच्या ईर्षेतून मे 1966 मधील ‘पेट साउंड्स’ निर्माण झाली, हे त्यांनी स्वतः पुनःपुन्हा सांगितले आहे. पुढे ‘पेट साउंड्स’चा प्रभाव ‘सार्जंट पेपर’वर पडल्याचे पॉल मॅकार्टनी यांनी मान्य केले.

प्रभावाच्या या साखळीत एक दुवा सहसा दुर्लक्षित राहतो. विल्सन यांना प्रेरक ठरलेली एकात्मता बीटल्स यांनी त्या क्रमाने योजलेलीच नव्हती. कंपनीच्या काटछाटीतून ती अजाणता सिद्ध झाली होती. कोणत्या कृतीचा प्रभाव पडला, या प्रश्नाचे उत्तर कोणत्या पाठाचा प्रभाव पडला, हे सांगितल्याशिवाय पुरे होत नाही. भाषांतरातून झालेल्या वाङ्मयीन प्रभावांचा अभ्यास करताना हा विवेक पाळला जातो. ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीतही तो पाळणे अगत्याचे आहे.

4

भारतातील श्रोत्याच्या हाती आलेला पाठ आणखी वेगळा होता. 78 फेऱ्यांची तबकडी ब्रिटनमध्ये इतिहासजमा झाली असताना भारतात ती 1960 च्या दशकातही निघत होती आणि बीटल्स यांची काही गीते कलकत्त्याजवळील डमडम येथील कारखान्यात याच स्वरूपात छापली गेली. चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नाही, हे या माध्यमाच्या दीर्घायुष्याचे सहज समजण्याजोगे कारण आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. चित्रपटगीते आणि भावगीते ज्या चौकटीत ऐकली जात, त्याच चौकटीत ही परदेशी गीते येथे आली : एका बाजूस एक गीत, सुईच्या खरखरीसह. दीर्घ ध्वनिमुद्रिकेतील क्रम, मुखपृष्ठ, दोन बाजूंमधील संवाद यांतले काहीच या पाठात नव्हते. येथील अशा श्रोत्याला बीटल्स भेटले ते सुट्या मुक्तकांचे कवी म्हणून, प्रबंधकाव्याचे नव्हे.

त्यांच्या एका गीताचा तर उगमच भारतात आहे. ‘दि इनर लाइट’ या गीताचे वाद्यसंगीत जॉर्ज हॅरिसन यांनी जानेवारी 1968 मध्ये मुंबईतील एचएमव्हीच्या ध्वनिमुद्रणगृहात भारतीय वादकांकडून मुद्रित करून घेतले; गायन पुढील महिन्यात लंडनमध्ये झाले. मार्च 1968 मध्ये ते ‘लेडी मॅडोना’ या सिंगलच्या मागील बाजूस, मोनो रूपात प्रसिद्ध झाले. वादकांची नावे तबकडीवर नव्हती. स्टिरिओ मिश्रण 1970 मध्ये करण्यात आले. सिंगलची मागील बाजू हे प्रकाशनातील सर्वांत उपेक्षित स्थान. समीक्षेतही हे गीत त्याच स्थानी राहिले. 1988 मध्ये सुटी गीते ‘पास्ट मास्टर्स’ या संग्रहात एकत्र आली, तेव्हा ते बहुसंख्य श्रोत्यांच्या सहज आटोक्यात आले. 2018 मध्ये ‘व्हाइट अल्बम’च्या विस्तृत पुनःप्रकाशनात त्याचे केवळ वाद्यसंगीतही समाविष्ट झाले. गायनाचा पडदा दूर झाल्यावर मुंबईच्या वादकांचे काम प्रथमच स्वतंत्रपणे उजेडात आले. पुनःप्रकाशन पाठ झाकते, तसे कधी उघडेही करते.

5

पुनःप्रकाशनांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतील. पहिल्यात जुने मिश्रण तसेच ठेवून केवळ ध्वनीची स्वच्छता व पातळी सुधारली जाते. यास रीमास्टर म्हणतात. दुसऱ्यात मूळ मार्गांकडे परत जाऊन मिश्रणच नव्याने केले जाते, हे रीमिक्स. तिसऱ्यात मुद्रणाच्या वेळी एकाच मार्गावर एकजीव झालेले आवाज संगणकाच्या साहाय्याने विलग करून कृतीची पुनर्रचना होते. पहिला प्रकार स्वच्छ पुनर्मुद्रणासारखा, दुसरा संपादित आवृत्तीसारखा. तिसऱ्याला साहित्यात नेमका समांतर प्रकार शोधणे कठीण आहे.

1987 मध्ये बीटल्स यांच्या ध्वनिमुद्रिका कॉम्पॅक्ट डिस्कवर आल्या, तेव्हा ब्रिटिश गीतक्रम जगभर प्रमाण ठरला. पहिल्या चार कृती मोनो रूपात दिल्या गेल्या. ‘हेल्प’ व ‘रबर सोल’ यांचे स्टिरिओ मिश्रण मात्र जॉर्ज मार्टिन यांनी नव्याने केले. हा बदल सर्वसामान्य ग्राहकाच्या लक्षातही आला नसेल. परंतु तेव्हापासून पुढे बहुतेकांनी ऐकलेला ‘रबर सोल’चा स्टिरिओ पाठ 1965 चा नसून 1987 चा आहे. माध्यम बदलताच जुनी रूपेही बदलतात, याचे बोलके उदाहरण ‘सार्जंट पेपर’च्या अखेरीस सापडते. ब्रिटिश तबकडीच्या अगदी शेवटच्या, वर्तुळाकार खाचेत असंबद्ध बोलण्याचा एक तुकडा कोरलेला होता. श्रोता उठून सुई उचलेपर्यंत तो फिरतच राही. डिस्कवर अशी अनंत खाच शक्य नाही. तेथे तो तुकडा काही वेळा वाजून विरून जातो. श्रोत्याच्या हाताने संपणारी कृती आता आपणहून संपू लागली.

2003 मधील ‘लेट इट बी... नेकेड’ या प्रकाशनाने मूळ, अनलंकृत रूप देण्याचा दावा केला. 1970 च्या ध्वनिमुद्रिकेत फिल स्पेक्टर यांनी चढवलेला वाद्यवृंद त्यातून काढण्यात आला. तथापि ‘दि लाँग अँड वाइंडिंग रोड’ या गीतासाठी पूर्वीचे मुद्रण सोडून जानेवारी 1969 मधीलच वेगळे मुद्रण घेतले गेले. प्रक्षेप गाळण्याच्या नावाखाली वेगळीच प्रत पुढे करणे, हा पाठसंपादनातील जुना मोह येथे दिसतो.

2009 मध्ये मोनो मिश्रणांचा संच डिस्कवर निघाला आणि दीर्घकाळ दुर्मिळ असलेला पाठ पुन्हा हाती आला. 2017 मध्ये जाइल्स मार्टिन आणि सॅम ओकेल यांनी ‘सार्जंट पेपर’चे नवे स्टिरिओ मिश्रण केले. त्यांनी मोनो पाठाला मार्गदर्शक मानले. ‘शीज लीव्हिंग होम’ आता स्टिरिओतही मोनोच्या जलद गतीने ऐकू येते. 2022 च्या ‘रिव्हॉल्व्हर’मध्ये तिसऱ्या प्रकारचे तंत्र वापरले गेले. ही कामे आदराने आणि सूक्ष्म श्रवणाने झालेली आहेत, यात शंका नाही. परंतु मोनोचा वेग, स्टिरिओचा विस्तार आणि आजचा भरदार ध्वनी एकत्र आणणारा पाठ 1967 साली कोणीही ऐकलेला नव्हता. तो संमिश्र पाठ आहे.

येथे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. 1919 मध्ये आरंभलेली आणि 1966 मध्ये पूर्ण झालेली ती चिकित्सित आवृत्तीदेखील एका अर्थी अशीच आहे; तिच्यातील संहिता जशीच्या तशी कोणत्याही एका हस्तलिखितात आढळत नाही. मात्र विष्णु सीताराम सुखठणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक पानाच्या तळाशी पाठभेद नोंदवले आणि वगळलेले भाग परिशिष्टांत जपले. गणेशाने महाभारत लिहून घेतल्याची लोकप्रिय कथा मुख्य संहितेतून बाहेर गेली, पण ग्रंथातून नाहीशी झाली नाही. संपादकाने निवड केली आणि ती तपासण्याचे साधनही वाचकाच्या हाती ठेवले. पुनःप्रकाशनाच्या नैतिकतेची कसोटी हीच असावी. 2017 व 2022 च्या महागड्या संचांत जुनी मोनो मिश्रणे दिलेली आहेत. परंतु त्याच वेळी निघालेल्या साध्या, स्वस्त डिस्कवर केवळ नवा पाठ आहे. तळटीपा श्रीमंत वाचकाला आणि संहिता इतरांना, अशी ही वाटणी झाली.

6

आता आस्वादाचा प्रश्न उरतो. मूळ पाठ कळला म्हणजे खरा आनंद मिळतो, असे म्हणता येईल काय? अनुभव तसा नाही. ज्याने स्टिरिओतील ‘हेल्टर स्केल्टर’ ऐकत तारुण्य काढले, त्याच्या दृष्टीने गीत विरून पुन्हा उसळणे आणि बोटांना फोड आल्याची ढोलवादकाची अखेरची आरोळी हे गीताचे प्राण आहेत. मोनो पाठात हे दोन्ही नाही. त्यामुळे तो त्याला अपुरा वाटणारच. भारतीय काव्यशास्त्राने रसास्वादाचे मूळ सहृदयाच्या वासनासंस्कारांत शोधले. ध्वनिमुद्रित गीताच्या बाबतीत प्रथम ऐकलेला पाठ हाच असा संस्कार ठरतो. त्याच्या अपेक्षेनेच पुढील सर्व पाठ ऐकले जातात.

तथापि संस्कार म्हणजे प्रामाण्य नव्हे. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावले. त्यांच्यापुढील भ्रष्ट पाठही कित्येक भाविकांच्या कंठात बसलेला असणारच. त्या भक्तीला खोटे ठरवण्याचे कारण नाही, पण तेवढ्यावरून तो पाठ शुद्ध ठरत नाही. रसिकाने आपल्या पाठावर प्रेम करावे. अभ्यासकाने मात्र कोणत्या पाठावरील प्रेमाविषयी आपण बोलत आहोत, हे सांगावे. माध्यम, देश, वर्ष आणि मिश्रण यांचा निर्देश ही त्यासाठी किमान अट होय.

मराठी भावगीते आणि चित्रपटगीतेही तबकडीवरून कॅसेटवर, कॅसेटवरून डिस्कवर आणि तेथून संगणकावर आली आहेत. या प्रवासात काय गळले आणि काय वाढले, याचे पाठभेदकोश बीटल्स यांच्या बाबतीत रसिकांनी आणि अभ्यासकांनी मिळून घडवले. आपल्याकडील जुन्या तबकड्या ज्यांच्या घरी आहेत, त्यांची पिढी वृद्ध होत आहे. हस्तलिखिते गावोगाव फिरून गोळा करणाऱ्या संशोधकांची परंपरा ज्या भाषेला लाभली आहे, त्या भाषेत हे काम अशक्य मानण्याचे कारण नाही. तबकडी अखेर बोलते ती सुई टेकवल्यावरच. आणि एकदा फुटली की तिच्यातील पाठ कोणत्याही टीकाकाराला पुन्हा उभा करता येत नाही.